एकोणीस मिलिमीटर

अंबाजोगाईच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
पंखा फिरतो पण वारा लागत नाही अशा खोलीत
मी मामीच्या पायाचा पू वाढवला.
रात्रभर उबेला ठेवला, अंडी ठेवावीत तसा.

सकाळी प्लेटवर अकरा चकत्या, अकरा औषधं,
आणि प्रत्येकीच्या काठापर्यंत
दाट, हिरवट, द्राक्षाच्या वासाचं रान.
रिपोर्टात अकरा वेळा 'आर' लिहिलं.
हे अक्षर लिहिताना आता पेन अडखळत नाही,
तेच वाईट.

गंगासागर मामी, खाट चौदा, साखर तीनशे.
तुतीचं खुंट रुतलं होतं पायात.
तिसऱ्या दिवशी चपलेत ओल लागली
तेव्हा कळलं.

सटवाजी मामाकडं अळ्या मागितल्या.
चौथी कात टाकलेल्या, करंगळीएवढ्या, गार.
"रोगट देऊ का? चुन्यात टाकायच्याच हायत."
"नाही मामा, धडधाकट पाहिजेत."
त्यानं शेडमधून वीस निवडल्या,
एकेक उजेडात धरून, बियाणं पारखावं तशी.
वर ओल्या फडक्यात पानं बांधून दिली,
"वाटंत भुका लागतील."

मग मी केलं ते त्याला सांगितलं नाही.
मामीच्या पायातले जंतू उकळून मारले
आणि ते पाणी बारीक सुईनं
एकेकीच्या पाठीत टोचलं.
सहा मेल्या.
चौदा जणींनी रात्रभर पानाला तोंड लावलं नाही.
आतल्या आत काहीतरी विणलं,
रेशमाच्या आधीचं, रेशमाहून फार आखूड:
पस्तीसेक मण्यांचा धागा.
केसांवर घासलेल्या कंगव्याकडं
कागदाचे कपटे ओढले जावेत
तसा तो जंतूच्या कातडीला जाऊन चिकटतो,
आत घुसतो, भोक पाडतो.
जंतू फुटक्या घागरीसारखा रिता होतो.

मागच्या एका पायाचं टोक कापून काढलेला थेंब,
पिवळसर, हवा लागताच काळवंडणारा,
मी त्याच रानाच्या मधोमध ठेवला.
दुसऱ्या दिवशी तिथं एक गोल होता,
काहीच न उगवलेला.
पट्टी लावली. एकोणीस मिलिमीटर.
खोलीत कुणी नव्हतं.
मी पट्टी परत लावली.

मामा फोनवर म्हणाला, "मग लावा की पायाला."
काय सांगू,
काचेवरचं रान वेगळं अन् पायातलं वेगळं?
की आपल्याच अंगातल्या कात्र्या
हे मणी सुटे करून टाकतात?
की मोठमोठ्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षं
असलेच धागे घेऊन बसल्यात,
कधी मलम होतं, कधी विष,
बहुतेकदा नुसताच कागद?
"अजून वेळ आहे, मामा."
"किती?"

बुधवारी तिची दोन बोटं काढली.

शुद्धीवर आल्यावर मामीनं विचारलं,
"ह्यांच्या अळ्या नेल्या म्हणं तू. मेल्या का?"
"सहा."
ती पट्टीकडं बघत राहिली.
"माज्या दोनाला सहा," म्हणाली.
"त्यास्नी नको सांगूस.
मोजून दिल्या असतील त्यांनी."

संध्याकाळी नियमाप्रमाणं
प्लेट वाफेच्या भट्टीत टाकायची असते.
टाकली. रान गेलं, गोलही गेला.
वहीत आकडा आहे.

आणि खिडकीतल्या डब्यात चौदा जणी
शेवटचं पान संपवून
माना वर काढून, डावीउजवीकडं हलवत
कोष कुठं बांधावा ते बघतायत.
मी खोक्याचा पुठ्ठा फाडून
आडवातिडवा आत ठेवला.