पाण्याचा रकाना

रात्रपाळी. सोहार बंदरामागे पत्र्याची शेड,
टेबलावर विमानाने आलेले सात डबे,
स्टीलचे, बोल्ट आवळलेले.
आत माझ्या गावचा कोळसा.

चिठ्ठीवर गावाचं नाव नाही.
बोअर क्रमांक चार, खोली तीनशे बारा मीटर.
पण अक्षांश-रेखांश मला वाचता येतात:
वर्धेच्या वळणाच्या अलीकडे,
सुभद्राबाई उरकुड्यांच्या विहिरीपासून
गाय चरत चरत पोचेल एवढ्यावर.

नळी जोडते. झडप अर्धी फिरवते.
काचेच्या मापात पाणी उभं.
एक बुडबुडा येतो,
थांबतो,
मग दुसरा.
कोट्यवधी वर्षं धरलेला श्वास
असं काहीतरी लिहायचा मोह होतो.
लिहिते: सव्वादोन वाजता, अकरा मिलिलिटर.

बाबा खाणीत सरदार होते.
घोडा नाही, तलवार नाही,
जाळीचा एक पितळी दिवा.
तो छताशी धरायचा, वात बारीक करायची,
ज्योतीवर निळी टोपी चढली की
ओरडायचं, मागं फिरा रे!
सदतीस वर्षं या गॅसला ते ओळखून होते,
घरात नाग निघाला की त्याची वाट ओळखावी तसे.
काल फोनवर म्हणाले,
"आता त्यालेच विकता म्हनता? विका बाप्पा.
चुलीत जळला तं खाणीत मारनार नाही.
पन आधी पानी उपसा लागते ना?
थे कुठी टाकता?"

कोळशाच्या फटीफटीत पाणी असतं,
तेच गॅसला दाबून धरतं.
पाणी काढलं की गॅस सुटतो.
हे मी परीक्षेत चार गुणांसाठी लिहिलंय.
पुढचं कोणी विचारलं नव्हतं.

खिडकीबाहेर समुद्र गोडा करणारा कारखाना,
रात्रभर दिवे.
इथे पाण्यासाठी गॅस जाळतात.
तिथे गॅससाठी पाणी सांडणार.
आणि मी मधे, हातात दहा नंबरचा पाना.

पहाटे खल्फान थर्मास घेऊन येतो, वेलचीचा कहवा.
त्याचं गाव डोंगराकडे. तिथे फलज,
डोंगराच्या पोटातून आणलेला पाट.
आजोबा रात्री ताऱ्यांवरून पाणी वाटायचे:
अमका तारा कड्यावर आला
की पाट अमक्याच्या खजुरींना.
"आणि तारा ढगाआड गेला तर?"
"मग भांडण," तो हसतो.
"पण भांडायलाही
हिस्सा कुणाचा ते आधी ठरलेलं लागतं."

अहवालात बारा रकाने. राख, ओलावा, दाब, गॅस.
मी तेरावा आखते. पाणी:
किती निघेल, किती खारं, कुठे जाईल.
खाली लिहिते, पहिला पंप लागण्याआधी
भोवतालच्या विहिरी मोजा.
पातळी, क्षार, विरघळलेला गॅस.
आकडे पंचायतीच्या भिंतीवर लावा,
नंतर कुणी म्हणू नये की पाणी पूर्वीपासूनच असं होतं.
आणि झडपा गळतात, त्या मोजायला माणूस ठेवा,
बाबांसारखा, संशयी.

फिलिप साहेब चष्मा कपाळावर सरकवतात.
"आपल्याला एवढंच विचारलंय का?"
नाही.
"मग परिशिष्टात टाक."
टाकते. पान एक्केचाळीस.
एक्केचाळीसावं पान कोण उघडतं, मला माहीत आहे.

साडेपाच. तिकडे सात वाजलेले.
सुभद्राबाईंना फोन लावते.
विहिरीत दोर सोडा, म्हणते,
पाण्याला टेकला की धरा
आणि वर काढून हातानं मोजा.
"काहून वो? बिमार हाय का विहीर?"
नाही. अजून नाही.
रहाटाची करकर ऐकू येते, कोंबडा,
मग बराच वेळ नुसता श्वास.
"साडेसात हात. तुह्या हातानं आठ भरतील."

साडेसात लिहिते, तारखेसकट, पेन्सिलीनं,
मग पेनानं गिरवते.
सातव्या डब्यातून अजून येतायत,
एक,
थांबून,
आणखी एक.