कोट

शनिवारी खडेबाजारच्या मागल्या बोळात
दस्तगीरमामूनं ताडपत्रीवर ओतलेला ढीग.
त्यातून ओढला हा,
कॅम्पातल्या कुणा सुभेदाराचा म्हणे,
डांबरगोळ्यांच्या वासाचा, कॉलरला रफू.
आत शिंप्याचं लेबल,
वर कानडी, खाली मराठी,
टाके दोन्हीकडचे उसवत आलेले.

"येष्टु?"
"दोनशे. घाल की अंगात, मग बोल."
मी कानडीत मागते, तो मराठीत नाही म्हणतो,
दीडशेला दोघंही गप्प.

बाहीचं कोपर
माझ्या कोपराच्या चार बोटं खाली वाकलेलं.
हातानं लांब होता तो,
जो कोण होता.

खिशात निपाणीचं तिकीट, शाई उडालेली,
आणि सुपारीचं खांड.
तिकीट तिथंच सोडलं.
खांड, कुणी बघत नाही बघून,
दाढेखाली धरलं.

अजून कडक.