गेला

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजके पाने आणि एक पाय मोडलेलं शिलाई मशीन
यांच्या मध्ये अन्सेल्म गायकवाडला ते पुस्तक दिसलं.
विकणारा म्हणाला, शंभर.
अन्सेल्म म्हणाला, तुला वाचता तरी येतं का?
विकणारा म्हणाला, तुला येतं?
चाळिसाला जमलं.

म्हणून तो रास्ता पेठेतला माझा जिना चढतो,
मंगळवारी, शुक्रवारी, रात्री साडेआठला,
नाना पेठेतल्या दुकानाचं ग्रीस नखांत घेऊन.
व्याकरण नको म्हणतो.
'बाई, मला फक्त ही माणसं वाचायचीत.'

माणसं उत्तर फ्रान्समधल्या एका खाणगावच्या क्लबातली.
फोटो एकोणीसशे एकतीसचा. हातांची घडी,
पुढे वादी आवळलेला चेंडू,
आणि अकराच्या अकरांच्या पापण्यांना कोळसा,
काजळ घालून बसवल्यासारखा.
'घासून निघत नसणार,' अन्सेल्म म्हणतो. 'मला ठाऊक आहे.'

गोलकीपर पाववाला. भट्टीसाठी पहाटे दोनला उठायचा,
त्यामुळे दुसऱ्या हाफात पेंगायचा,
असं चिटणीस लिहितो. रागानं लिहितो,
शाई मागच्या पानावर उमटलीय.
राइट हाफ पोलंडहून आलेला,
त्याचं आडनाव तीन पानांवर तीन तऱ्हांचं.
'माझ्या दाखल्यावर आनशेलम आहे,' अन्सेल्म म्हणतो,
'आणि रेशनकार्डावर हंसराज.'
लेफ्ट बॅक लेओं: चौदा वर्षं, गोल एक,
तोही आपल्याच जाळ्यात.
अन्सेल्म स्वतः लेफ्ट बॅक.
त्या ओळीवर तो बराच वेळ बोट ठेवून बसला.

मग आम्ही मागे गेलो, चौदा सालाकडे.
सप्टेंबर. पानावर एवढंच:
खेळ नाही. अकरा भरत नाहीत.
पुढल्या पानांवर नुसती नावं, नावापुढे एकेक शब्द.
मी मराठी करत गेले: गेला. गेला. गेला.
पेन्सिल थांबली.
'गेला म्हणजे? दुसऱ्या क्लबात?'

आता काय सांगू.
आपण सगळं याच क्रियापदावर भागवतो:
लाईट गेली, नोकरी गेली, तोल गेला, बाप गेला.
तिकडे शब्द निराळे.
पार्ती म्हणजे निघून गेला,
पेटी भरून, कुणाला तरी सांगून.
आणि दिस्पारू म्हणजे दिसेनासा झाला.
मेला म्हणायलासुद्धा
हाती काहीतरी लागावं लागतं, अन्सेल्म.

शेवटच्या प्रकरणात खाण बंद पडते.
क्लब शेजारच्या गावच्या क्लबात विलीन,
वाटाघाटी सात महिने.
जर्सी त्यांच्या रंगाची ठरली, मोजे यांच्या.
अन्सेल्म इतका हसला
की खालचे टायरवाले शटर ओढता ओढता थांबले.

गेल्या शुक्रवारी त्यानं दोनशे पानी वही आणली.
पंचहौदाच्या मागचा त्याचा संघ,
पाठीवर क्लचप्लेटची जाहिरात,
सरावाला रोज नवं मैदान, जिथून हाकलणार नाहीत तिथं.
यांचं कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही.
म्हणाला, मी सांगतो आणि मीच लिहितो,
तुम्ही फक्त बसा.

पीटर रणपिसे, गोलकीपर. गेला, मस्कतला.
अल्ताफ बागवान, सेंटर फॉरवर्ड. गेला, गुडघा.
दगडू उर्फ डेव्हिड भोसले. गेला, सासुरवाडीला,
तिथल्याच संघाकडून खेळतो, हरामखोर.
योहान साळवे, राइट विंग.

पेन टेकलेलं राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.
ओढ्याला पाणी आलं त्या रात्रीचं मी ऐकून होते,
एक स्कूटर सापडली होती एवढंच.
चहावर साय धरली.

'तो दुसरा शब्द काय होता, बाई?'
मी सांगितला.
अन्सेल्मनं मान वर केली नाही.
'रू ऱ्हस्व की दीर्घ?'
दीर्घ, मी म्हटलं.