आठ वाजताचं रक्त

पहिली नळी आठ वाजता.
साडेआठची आणि नवाची नंतर.
मधे एक सुई, शिरेतून आत सोडलेला निरोप:
ऊठ.

आक्काताई चौगुले, वय त्रेपन्न,
निपाणीहून पाचच्या गाडीनं आलेली.
संकेश्वरला उलटी, यमकनमर्डीला डुलकी,
काकतीत शेजारणीच्या खांद्यावरनं डोकं उचलून
'आलं काय बेळगाव?'
फॉर्म कन्नडात. मी विचारते, ती सांगते, मी लिहिते.
शिपायानं आधारावरचा फोटो दोनदा पाहिला,
मग तिच्याकडे, मग परत फोटोकडे.
'मीच हाय रं,' ती म्हणाली.

दंडात शीर सापडत नाही.
कातडी अशी की कापूस दाबला तरी निळं उमटतं.
चिकटपट्टी नको, सालासकट निघते.
मी अंगठा टेकवून बसते.

त्या अंगठ्याखाली ती बोलते.
तंबाकू चाळून चाळून गुडघं गेलं, बाई.
बाजारादिवशी एकजण यायचा फटफटीवरनं,
पुड्या बांधून द्यायचा, वहीच्या कागदात.
तिसऱ्या दिवशी जिना चढलो.
आठव्या दिवशी दळाण डोक्यावर घिऊन आलो.
द्येवच म्हणायचा की त्येला.
सहा वर्सं.
गाल भरलं, गळा भरला,
गल्लीत म्हणायची, सून गुणाची मिळाली, खाऊ घालतीया.
सूनबी गप. कौतुक कुणाला नको असतंय?

पोटावर जांभळे चरे होते,
कुळव फिरल्यासारखे.
ते दाखवायचे कुणाला?

डॉक्टर हुक्केरीमठ केसपेपरवर एक इंग्रजी शब्द लिहितात,
त्याचा अर्थ चंद्रासारखं तोंड.
मी तो तिला सांगत नाही.
सांगितला असता तर हसली असती बहुतेक.

साडेआठ. दुसरी.

दोन मूत्रपिंडं, दोहोंवर एकेक टोपी,
वजन म्हणाल तर चारेक ग्रॅम.
आपण अंथरुणात असतो तेव्हाच, पहाटे,
या टोपीखालच्या बायका उठून चूल पेटवतात.
पण रोज कुणी दारात आयतं ताट आणून ठेवलं,
सहा वर्षं, न चुकता,
तर का उठावं त्यांनी?
एका बाजाराला फटफटी आली नाही. पुढच्यालाही नाही.
आक्काताई वखारीच्या दारात भिंत धरून खाली बसली.
वरचा रक्तदाब सत्तर. साखर बेचाळीस.
आणि मुकादम म्हणाला, बाहेरचं लागलंय,
नारळ आणा.
नारळ आणेपर्यंत अर्धा तास गेला.
तो अर्धा तास अजून केसपेपरवर आहे,
कुणीतरी शेजारी प्रश्नचिन्ह काढलंय.

नऊ. तिसरी नळी.

दुपारी मशीन आकडे देतं:
तीन पूर्णांक एक.
नऊ पूर्णांक चार.
चौदा.
'पास व्हाया किती?'
अठरा.
'मग नापास.'
मी म्हणते, गेल्या खेपेला शेवटचा सहाच होता.
ती बोटांची पेरं मोजते,
पोत्यांचा हिशोब केलेली बोटं,
'म्हंजी आठ वाढलं,' आणि थांबून,
'धुगधुगी हाय म्हणा.'

कार्ड कन्नडात छापलेलं आहे.
मागच्या कोऱ्या बाजूला मी मराठीत लिहून देते:
ही गोळी एकदम बंद करू नये. ताप आला तर दुप्पट.
उलट्या झाल्या तर थेट दवाखाना, नारळ नाही.
'नारळ' वर दोन रेघा ओढते.
तिला दोन्ही बाजू सारख्याच.
नातवाला वाचाया सांगतो, म्हणते,
आणि कार्ड पोलक्यात ठेवते, पैशांच्या पुरचुंडीजवळ.

चारच्या गाडीआधी, कॅन्टीनच्या बाकावर,
अर्धी गोळी माझ्यासमोर, चहाच्या घोटाबरोबर.
तोंड वाकडं करून गिळते.
'कडू हाय गं.'
मग बशी पुसत, जरा हळू,
'त्येची ग्वाड असायची.'