हरकत नाही

बोपोडी, सर्व्हे नंबर सत्तावीस.
कागदावर : खेळाचे मैदान.
जागेवर : गॅसलाइनच्या उरलेल्या पायपांचे दोन गोल,
मधोमध टक्कल, कडेला गाजरगवत,
आणि उत्तरेच्या गोलमागे जाळीऐवजी
भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.
बॉल सुटला की भाऊंच्या जोडलेल्या हातांवर आपटतो
आणि परत येतो.
वॉर्डात त्यांनी केलेलं हे एकच काम,
असं सेल्वी मुदलियार म्हणते.
मी रेफरी. मी मत देत नाही.
तसंही तेव्हा कुणीच देत नव्हतं,
निवडणूकच नव्हती, प्रशासक होते.

मग पेपरात आतल्या पानावर,
श्रद्धांजल्यांच्या खाली,
बोटभर नोटीस : आरक्षण बदल.
हरकती व सूचना तीस दिवसांत.

हरकत.
छत्तीस वर्षं अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत
मी या शब्दापुढे 'नाही' जोडत आलो.
ओव्हरटाइम? हरकत नाही.
बढती पुढच्या वर्षी? हरकत नाही.
बायकोच्या दहाव्याला पोरं दारात घुटमळली,
काका, आज फायनल आहे, पण आपण...
हरकत नाही, म्हटलं,
आणि शिट्टी शोधायला लागलो.

कोथरूडहून सायकलवर गोवंडेबाई आल्या.
टेकडी, नदी, वडाची झाडं,
शहरभर त्यांच्या हरकती पडलेल्या.
पिशवीत फॉर्म, शाईचा पॅड, लाह्यांचा डबा.
खेळातलं काही कळत नव्हतं.
'ऑफसाइड म्हणजे नक्की काय हो?'
प्रज्ञा ओव्हाळ, गोलकीपर, वय पंधरा,
ग्लोव्हज न काढता म्हणाली,
'पास यायच्या आधीच पुढे जाऊन उभं राहायचं
आणि हात वर करून ओरडायचं, गोल!'
'म्हणजे आमचं पुरोगामी शहर,' बाई हसल्या.
मग थोडा वेळ
फॉर्म सारखे करत बसल्या.

सुनावणी महापालिकेत, तिसरा मजला.
पोरी शाळा बुडवून, जर्सीत.
रखवालदारानं बॉल खालीच ठेवून घेतला.
साहेब चांगले होते. पंखा लावायला सांगितला.
प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणाले.
भाऊ पण होते. मुलांच्या भल्याचंच बोलले :
खाली दुकानं, वर ऑफिसं,
सातव्या मजल्यावर टर्फ, तासाला बाराशे.
प्रज्ञानं विचारलं,
'आणि बॉल खाली पडला तर आणणार कोण?'

कुणीतरी खोकलं. माझा नंबर आला.
आयुष्यभर शिट्टीनं बोललेला माणूस,
घशात चुना.
सवयीनं घड्याळ चालू केलं.
'साहेब,' म्हणालो, 'हरकत...'
मागे सगळ्या पोरी
पेनल्टीला थांबतात तशा थांबल्या.
मला माझं पुढचं अक्षर ऐकू येत होतं,
छत्तीस वर्षं घासून गुळगुळीत झालेलं.
'...आहे,' म्हणालो.

संपलं. एक मिनिट बेचाळीस सेकंद उरले.
ते मी सेल्वीला दिले.
ती भाऊंशी अर्धं तमिळ, अर्धं खडकी बाजार
अशा भाषेत बोलली.
इतिवृत्तात तेवढा भाग
'नागरिकांनी भावना व्यक्त केल्या' असा आहे.

निकाल यायचाय.
आवक क्रमांक आहे, शिक्का आहे,
शिक्क्यातली तारीख उठलेली नाही.
चारशे सतरा हरकती, त्यातल्या साठ अंगठ्याच्या.
गोवंडेबाई आता रविवारी येतात,
चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतात.

काल मोजणीवाले येऊन
चुन्याची रेघ मारून गेले, मैदानातून तिरपी.
धाकट्या रुबिनानं विचारलं,
'काका, ही आउटची लाइन का?'
पायानं पुसली नाही. सरकारी रेघ आहे.
'नाही,' म्हटलं. 'खेळ चालू.'

फ्लेक्स मात्र फाटलाय,
भाऊंच्या उजव्या कोपरापासून खाली.
बॉल थेट नाल्यात जातो.
सेल्वी म्हणते, थांबा,
निवडणूक लागली की नवा मिळेल.