कोथिंबिरीचा भाव

यादी तिच्या अक्षरात, विजेच्या बिलाच्या पाठीवर:
अळू, देठासकट. नारळ एक, हलवून बघणे.
मांदेली पाव किलो, नसतील तर दुसरं काही नको.
कोथिंबीर.
खाली दोन रेघा मारून: थेट घरी.

गोपी टँकवरून थेट घरी कुणी येतं का?

सकाळचे सव्वानऊ. फरश्या आत्ताच धुतल्यात.
बर्फाचं, खवल्यांचं गार पाणी
चपलेतून बोटांत शिरतं.
देवकू कोयत्यावर बसून कुणाचा तरी हलवा कापतेय,
मान वर न करता म्हणते,
काय काका, आज पण मांदेलीच?
मी उगाच एका सुरमईचा कल्ला उघडून पाहतो,
डॉक्टरने पापणी ओढावी तसा.
लाल आहे. यातलं मला एवढंच कळतं.
मग पाव किलो मांदेली घेतो,
आणि वर दोन जास्तीच्या, हुज्जत घालून,
ज्या ती मुळात घालणारच होती.

पलीकडे वसईची रेजिना,
पडवळांच्या टोकाला दगडाचा दोरा अजून तसाच.
सरळ वाढावं म्हणून बांधतात, ती सांगते.
माझ्या बापानेही हेच केलं, मी म्हणतो,
ती हसते आणि सुकेळ्याचं सोपट सोडून
एक तुकडा तळहातावर ठेवते. चव बघा.
चव बघण्याने साखर वाढत नाही, असं माझं मत.
रक्ताच्या रिपोर्टचं मत वेगळं.

अळू घेतलं. नारळ घेतला.
कोथिंबीर वीस रुपये जुडी, मुळाशी माती, ओली.

आता खरं काम.
मशिदीच्या बाजूच्या बोळात, तळमजल्यावर,
पेडणेकरांची खिडकी.
गजांतून हात बाहेर येतो, हातात कागद, कागदावर
चार कोथिंबीर वड्या, कढईतून आत्ताच निघालेल्या.
तेलाने कागदावरची बातमी विरघळते,
पाठीमागची वधू पाहिजे दिसायला लागते,
गोरी, गृहकृत्यदक्ष, उलटी.
पहिल्या घासाला टाळू भाजते.
भाजायलाच हवी.
दुसरी प्लेट मी मागत नाही,
फक्त कागद परत पुढे करतो.

साठ रुपये.
हे साठ मला घरापर्यंत जिरवायचे असतात:
पंधरा नारळावर, वीस मांदेलीवर,
उरलेले कोथिंबिरीवर.
आमच्या घरची कोथिंबीर
मुंबईत सगळ्यात महाग.

पण आज पेडणेकरांच्या सुनेने
सुट्टे देताना दहाची नोट वर ठेवली.
ही काकींची. बुधवारी राहिली होती,
सांदणं घेतली तेव्हा.
कुणाच्या काकी?
तुमच्याच. दर बुधवारी येतात की.
तिथेच उभ्या राहतात, तुम्ही आहात तिथे.

बुधवारी ती भिशीला जाते.
म्हणजे मला तसं माहीत आहे.

मी उभा होतो त्या फरशीकडे पाहिलं.
एक कोपरा तुटलेला, त्यात राई सांडलेली.
तिच्या पायाचा अंगठा तिथे टेकत असेल,
गजाला हात, पिशवी कोपरात,
रसाने माखलेलं बोट चाटताना
ती इकडेतिकडे बघत असेल.
आणि मला आठवलं: ती आणते तेव्हा
आलं नेहमी भयंकर महागलेलं असतं.
कुर्ल्यात संप, नाशकात पाऊस,
वाशीला गाड्याच आल्या नाहीत.
मी मान डोलवायचो. सरकारला शिव्याही घालायचो.

घरी ती पिशवी ओट्यावर रिकामी करते.
अळूचे देठ मोजते, मांदेली हुंगते.
मग नारळ कानाशी नेऊन हलवते,
माझ्याकडे बघत, बराच वेळ.
कोथिंबीर केवढ्याला?
पंचेचाळीस.
अगं बाई, ती म्हणते, लुटतात नुसते.
आणि आलं, मी विचारतो, बुधवारी केवढ्याला होतं?

नळ चालू आहे. मातीचं पाणी मोरीत जातंय.
दहाची नोट माझ्या खिशात,
तेलाने तिला एक खिडकी पडली आहे.

पाणी आहे नारळात, ती म्हणते.