खडीखालचं पाणी

सकाळी साडेसहाला जाळी उपसते.
आधी गाव हाताला लागतं:
शाम्पूच्या पुड्या, भाताची शितं, भिजून गोळा झालेली राखी,
आणि आज कुणाच्या तरी पोराचा दुधाचा दात.
दात कनवटीला लावला
आणि दिवसभर विसरले.

कृष्णा इथून चारशे पावलं.
पूर्वी नाला तिच्यात सरळ शिरायचा,
चपला घालून देवळात शिरावं तसा.
आता मध्ये हे तीन वाफे आहेत,
भूपाल चौगुल्यांच्या चोपण रानात,
जिथं उसानं हात टेकले आणि मीठ वर आलं.
म्हणाले, 'तशी मेलेलीच हाय जमीन. घ्या.
घाण तर घाण, कायतरी उगवू दे.'

तळाला मोठी खडी, वर बारीक, मग वाळू.
दस्तगीरनं पसरली, पाणसळ लावून, गुडघ्यावर बसून.
'उतार एवढाच पायजे,' म्हणाला,
'की पाण्याला वाटावं आपण थांबलोय.'

वर कर्दळ, पाणकणीस, वेखंड.
बोरू मी आणला, नदीकाठून, भाऱ्यानं.
माझ्या बापानं याच नाल्यात तीस वर्षं फावडं मारलं
आणि पगाराला अंगठा उठवला.
त्याच्या हातात बोरू कुणी दिला नाही.
मी नाल्याच्या हातात दिलाय.

पहिल्या वर्षी काही झालं नाही.
कर्दळ शेळ्यांनी खाल्ली.
खडी तुंबली, वर काळं डबकं, डास.
ग्रामसभेत कुणी म्हणालं, गटारीला फुलं वाहायची हौस!
सगळे हसले. मीही, थोडी.
इंजिनिअरसाहेबांची तासगावला बदली झाली.
मग आम्ही दोघांनीच अर्धा वाफा उपसला,
खडी पाटीपाटीनं धुतली, परत घातली.
दस्तगीर म्हणाला, 'शेवंताक्का, तुला वास येत न्हाई?'
येतो की.
कुणाचा ते ओळखायला लागलं
की मग तेवढा लागत नाही.

आता मी पाणी वाचते.
पिवळं आलं, कुणाची तरी हळद शिजली.
निळं-गुलाबी आलं, बेंदूर झाला, शिंगं धुतली.
फेस फार, तर पाहुणे, नाहीतर बारसं.
आणि रोज पहाटे एकाच घरचं पाणी येतं,
राखेचं, थंड.
कुणी बाई रात्रभर भांडी घासत बसते.
कोण, ते मला ठाऊक आहे.
इथं लिहिणार नाही.

पाणी खडीखालून चालतं. वरून दिसत नाही.
काल पाणकोंबडी चार काळी पिलं घेऊन
कोरड्या खडीवरून गेली, थांबली,
मान वाकडी करून खाली काहीतरी ऐकत राहिली.

तिसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी लोणच्याची बरणी धरते.
तीन दिवस लागतात त्याला इथवर यायला.
पिवळट असतं अजून, फिक्या चहासारखं.
मिरजेच्या लॅबवाल्यानं कागदावर आकडे दिले,
म्हणाला, नदीला चालेल, तुम्हाला नाही.
तसं पाटीवर लिहून लावलंय,
माझ्याच अक्षरात, थोडं तिरकं.
पण त्यात हळद नाही, बेंदूर नाही,
त्या बाईची रात्र नाही.
मुळांनी सगळं वाचलं
आणि कुणाला सांगितलं नाही.
माणसांत असं वाचणारं
मला अजून भेटायचं आहे.

संध्याकाळी पदर सोडताना दात खाली पडला.
दात कौलावर टाकायचा असतो.
इथं कौल कुठलं, मोटारीच्या खोलीचा पत्रा आहे.
भिरकावला.
टक्, एवढाच आवाज.
कुणाचा का असेना,
दुसरा चांगला येऊ दे.